हिवाळ्यात पिकअपचे डिझेल जाते कुठे?

दिवाळी आटोपते, कापसाची वेचणी रंगात येते आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या पिकअप गाड्यांना उसंत राहत नाही. घाटंजी, पांढरकवडा, वणी, राळेगाव, आर्णी, दारव्हा, कुठल्याही बाजाराच्या वाटेवर पहाटे उभे राहून पाहावे. फळ्या लावून उंच केलेल्या हौद्यात कापूस कोंबलेला, वर ताडपत्री करकचून आवळलेली आणि खाली पंधरा-पंधरा वर्षांची डिझेल इंजिने धापा टाकीत जिनिंगकडे निघालेली. एके काळी यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरकडे जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत वाफेवर चालली, मग तिला डिझेल इंजिन लागले आणि पुढे ती थांबलीच. आता गावचा माल हलतो तो टाटा ४०७ वर, महिंद्राच्या पिकअपवर आणि २००५ साली आलेल्या 'छोटा हत्ती'वर. यातल्या पुष्कळ गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या, हप्त्यावरच्या आणि आपल्याच वस्त्यांतल्या पोरांच्या हाती असलेल्या.

आणि नेमक्या याच कमाईच्या महिन्यांत एक तक्रार घराघरातून ऐकू येते. ॲव्हरेज पडले. उन्हाळ्यात तेरा देणारी गाडी डिसेंबरात अकराही देत नाही. मालक ड्रायव्हरकडे पाहतो, ड्रायव्हर पंपाकडे पाहतो, पंपवाला आभाळाकडे बोट दाखवून म्हणतो, थंडी आहे.

वाचकहो, आम्ही मिस्त्री नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि वीस वर्षांची कारकुनी एवढीच आमची शिदोरी. पाना हाती धरण्याची पाळी सायकलच्या पलीकडे कधी आली नाही. तथापि २०२३ च्या डिसेंबरात हा प्रश्न आमच्या पुढ्यात आला तो यंत्राचा म्हणून नव्हे, चोरीचा म्हणून. आणि त्यात आमच्या हातूनही चूक झाली. म्हणून हा लेख.

समाजमंदिरातली बैठक

आमच्या ओळखीच्या एका काकाजींनी बाजार समितीत हमाली करून उभे आयुष्य काढले. २०२१ साली त्यांनी २००९ सालची एक डिझेल पिकअप घेतली. थोडे पैसे हमालीच्या बचतीचे, थोडे काकूंच्या बचत गटाचे, बाकी फायनान्सचे. गाडी चालवायला काकूंच्या भावाचा मुलगा ठेवला. पोरगा अबोल, बारावी झालेला, लायसन्सवाला. महिना नऊ हजार पगार. दोन वर्षे कोणाची कुरकुर नव्हती.

२०२३ च्या नोव्हेंबरात काकाजींच्या लक्षात आले की पंपाची उधारी वाढते आहे. गाडी महिन्याला साधारण २,६०० किलोमीटर पळे. तेराच्या ॲव्हरेजने २०० लिटर लागायला हवे होते, लागले २५०. डिझेल नव्वद रुपये धरले तरी महिन्याला साडेचार हजारांचा फटका, म्हणजे ड्रायव्हरचा अर्धा पगार. काकाजी आमच्याकडे आले. "भाऊ, मले तं वाटते पोरगं डिझेल इकून राह्यलं. बायकोचा भाचा हाय, म्हणून बोलता येत नाही."

आम्ही काय केले? कागदावर भागाकार केला, पन्नास लिटरची तूट दिसली आणि आम्हीही तेच मानले. हिशेबात तूट म्हणजे कोणीतरी घेतले, ही कारकुनी बुद्धी. समाजमंदिरात चारजण बसवून पोराला बोलावले आणि "जे असेल ते सांगून टाक, पुढे कोणी काही म्हणणार नाही" असे आम्ही स्वतः म्हणालो. पोरगा उभाच राहिला. एवढेच बोलला, "मी चोर नाही जी. माही वही पाहा तुमी." वही त्याने सतरंजीवर ठेवली आणि निघून गेला. कोणी ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चावी आत्याच्या हातात दिली. काकूंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही, हे आम्हाला पुढे कळले.

मग काकाजींच्या जावयाने गाडी धरली. टाकीला कुलूप लागले, किल्ली काकाजींच्या कडदोऱ्याला. पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप मागून माप तपासले. तो हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे आणि तो मागताना लाजू नये. माप बरोबर निघाले. टाकी काठोकाठ भरून सुरुवात केली, पंधरा दिवसांनी पुन्हा काठोकाठ भरली. मधल्या काळात १,२५० किलोमीटर झाले होते आणि डिझेल बसले ११९ लिटर. भागाकार केला. साडेदहा.

ड्रायव्हर बदलला होता, कुलूप लागले होते, तूट जिथल्या तिथे होती. त्या रात्री आम्ही ती वही उघडली.

वहीत काय होते

शाळेची शंभर पानी वही. प्रत्येक वेळी टाकी भरली की तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर, रुपये. दर महिन्याच्या शेवटी पोराने ॲव्हरेजही काढलेले. आमच्या कार्यालयातली कित्येक रजिस्टरे इतकी नीट नसतात. त्याच्या आकड्यांवरून असे दिसले की २०२२-२३ च्या हिवाळ्यात गाडीने १२.३ दिले होते, पुढे मार्च-एप्रिलात १३ दिले. म्हणजे थंडीत थोडे पडते, हे खरेच. २,६०० किलोमीटरला अकरा लिटर. पण या हिवाळ्यात गाडी १०.४ वर आली होती. एका वर्षात थंडी एवढी वाढली नव्हती. मग मधल्या उन्हाळ्यात काय घडले?

मे महिन्याच्या पानावर तीन नोंदी होत्या. २३ मे: गाडी गरम झाली, वॉल काढला, मजुरी २०० रुपये. त्याच्या खाली: ऊन जास्त, मागच्या टायरची हवा कमी केली. आणि महिनाअखेरीस: ऑइल बदलले, जाड नंबरचे टाकले. तिन्ही कामे मिस्त्रीच्या आणि मालकाच्या सांगण्यावरून झालेली. तिन्ही उन्हाळ्यासाठी. पुढे पाऊस आला, गेला, थंडी आली आणि ती तिन्ही कामे तशीच राहिली.

आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात जुन्या गाडीवर जे जे उपाय होतात, तेच डिसेंबरात डिझेल पितात. थंडीचा दोष थोडा; उन्हाळ्यातल्या औषधांचा जास्त. हे आम्हाला एकाएकी सुचले नाही. एका जाणत्या फिटरकाकांकडे वही घेऊन गेलो, त्यांनी तो 'वॉल' शब्द वाचला आणि हसले. "भाऊ, पोरानं लिहून ठेवलंच हाय ना. तुमी वाचलं काहून नाही?"

इंजिनाला गरमी का लागते

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन चालवून दाखवले त्याची सारी करामत एवढीच की हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटावा. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून हवा मारली की पंप गरम होतो, तेच तत्त्व. आता सिलिंडरच्या भिंतीच थंड असल्या तर दाबलेल्या हवेची गरमी त्या भिंती शोषून घेतात. फवारा उशिरा पेटतो, अर्धवट जळतो आणि न जळलेले डिझेल सायलेन्सरातून पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. थंडीच्या पहाटे सेल मारल्यावर जो पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो, तो पैशाचाच धूर. जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजून कॉम्प्रेशन उतरलेले असले, नोझल ठिबकत असले किंवा ज्या इंजिनाला हीटर प्लग असतात त्यातले एक-दोन गेलेले असले, तर हा प्रकार आणखी वाढतो.

म्हणून इंजिन लवकरात लवकर तापावे आणि तापलेलेच राहावे यासाठी कंपनीने त्यात थर्मोस्टॅट बसवलेला असतो. मिस्त्री लोक त्यालाच वॉल म्हणतात. मूठभर आकाराची वस्तू. आत मेण भरलेली एक छोटी डबी असते. इंजिनातले पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे गेले की मेण वितळते, फुगते आणि दार उघडते. मग पाणी रेडिएटरकडे जाते. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापते. हा वॉल काढून टाकला की पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरकडे धावते. मे महिन्यात त्याने फारसे बिघडत नाही, बाहेरच ४५ अंश असतात. पण डिसेंबरच्या पहाटे बाहेर दहा-बारा अंश असताना इंजिन भर रस्त्यावर कोमटच राहते. काट्याकडे पाहिले तर काटा पाव घराच्या वर चढत नाही. ड्रायव्हर खूश, गाडी गरम होत नाही म्हणून.

नुकसान डिझेलपुरते थांबत नाही. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खालच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ पडते, त्याला डिझेलचा वास येतो, बेअरिंग आणि रिंगा झिजतात. फिटरकाकांनी काकाजींच्या गाडीची ऑइलची पट्टी काढून आमच्या नाकाशी धरली तेव्हा आम्हालाही तो वास आला. जाड ऑइल टाकूनही पट्टीवर ते पातळ दिसत होते.

वॉल आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे चालू करावी, थोडी चालवावी, मग इंजिन बंद करून रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला जपून हात लावावा. वॉल ठीक असेल तर पाईप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर वॉल नाही, किंवा आहे पण उघडाच अडकला आहे. मात्र गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण चुकूनही उघडू नये. त्या वाफेने हात-तोंड भाजल्याची उदाहरणे आमच्या वस्तीतच आहेत.

काकाजींच्या गाडीत नवा वॉल साडेचारशे रुपयांत बसला. ज्याने काढला होता त्या मिस्त्रीला आम्ही विचारले. तो निरागसपणे म्हणाला, "समदेच काढते जी." ते खरेच आहे. पण काही इंजिनांची रचना अशी असते की वॉल काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत वळते आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त गरम होते, हेही फिटरकाकांनीच आम्हाला दाखवले.

हवा आणि ऑइल

दुसरे औषध टायरच्या हवेचे. उन्हात टायर फुटू नये म्हणून हवा कमी करण्याची रीत आमच्याकडे सर्रास आहे आणि ती साफ चुकीची आहे. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, दबल्याने जास्त तापतो आणि तोच आधी फुटतो. काकाजींच्या मागच्या टायरांना पुस्तकात पन्नासच्या आसपास आकडा दिला होता. मे महिन्यात तापलेल्या टायरातून हवा सोडून ४२ वर आणली. आता हवेचा स्वभाव असा की थंड झाली की आकसते. तोच टायर डिसेंबरच्या पहाटे गेजवर ३३ दाखवू लागला. कोणी हवा काढली नव्हती, कुठे पंक्चर नव्हते. आणि त्यावर कापूस, तूर, सोयाबीन लादायचे! पेट्रोलियम बचतीचे काम करणारी पीसीआरए ही केंद्र सरकारची संस्था कित्येक वर्षे सांगत आली आहे की हवा पाव हिश्श्याने कमी झाली तर इंधन पाच ते दहा टक्के जास्त लागू शकते. इथे तर तिसरा हिस्सा गेला होता. हवा मोजायची ती पहाटे, गाडी हलण्यापूर्वी, टायर थंड असताना. आणि पंक्चरवाल्याच्या अंगठ्याने नव्हे, गेजने.

तिसरे औषध जाड ऑइल. इंजिन ऑइल खाते म्हणून जड नंबरचे टाकतात. उन्हाळ्यात ते खपून जाते, थंडीत ते रात्रभरात काकवीसारखे घट्ट होते. इंजिनाला पहिली काही मिनिटे स्वतःचेच ऑइल ढवळण्यात ताकद घालवावी लागते, सेल मारताना बॅटरीचा जीव जातो. डब्यावर दोन आकडे लिहिलेले असतात, १५-४० किंवा २०-५० असे. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा गरमीतला. पहिला आकडा जेवढा लहान तेवढे ते पहाटे लवकर वाहते. गाडीच्या पुस्तकात जो नंबर दिला असेल तोच टाकावा. काकाजींनी पुन्हा १५-४० टाकले.

याशिवाय एक गोष्ट वहीत नव्हती, ती एअर फिल्टर उघडल्यावर दिसली. जिनिंगच्या आवारात तासन् तास उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर कापसाच्या तुसाने आणि धुळीने भरलेला, जणू उशीच. श्वास कोंडला की डिझेल पुरते जळत नाही, मग धूर काळा येतो. पांढरा धूर थंड इंजिनाचा, काळा कोंडलेल्या श्वासाचा किंवा जादा डिझेलचा आणि निळा ऑइल जळण्याचा. एवढी ओळख घरातल्या कोणालाही असावी.

पोराची चूक आणि थंडीचा वाटा

पोराची चूक काहीच नव्हती असे लिहिले तर ते खोटे होईल. सगळे करतात तसे तोही पहाटे गाडी चालू करून वीस मिनिटे तशीच ठेवी, तोवर चहा, शेकोटी. मोजणीच्या रांगेतही इंजिन चालूच, बंद केले तर पुन्हा सेल लागणार नाही या धास्तीने. डिझेल इंजिन उभ्या उभ्या फार कमी डिझेल जाळते म्हणून ते उभ्या उभ्या तापतही नाही. तासाला अर्धा ते एक लिटर मात्र जातेच. त्यापेक्षा चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटे थांबावे, ऑइलचा दिवा विझला की निघावे आणि पहिले चार-पाच किलोमीटर रेस न देता हळू चालवावे. चालत्या गाडीत इंजिन लवकर तापते, शिवाय गिअरबॉक्स, हौसिंग आणि चाकांतले घट्ट झालेले ग्रीसही मोकळे होते. बॅटरी धड असली की रांगेत इंजिन बंद करण्याची भीती राहत नाही.

आता थंडीच्या नावावर जे खरोखर जमा करायला हवे ते करू. ४० अंशांच्या हवेपेक्षा १२ अंशांची हवा सुमारे दहा टक्के दाट असते. ती कापत जायला गाडीला जास्त जोर लागतो. त्यात कापूस हलका पण फुगीर; वजनाआधी हौदा भरतो, मग ढीग टपाच्या वर हातभर चढतो आणि तो भिंतीसारखा वाऱ्याला अडतो. ताडपत्रीचे टोक फडफडत ठेवू नये, आणि पन्नासच्या आसपास वेग ठेवावा. जिथे खरी थंडी पडते तिथले आकडेही पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पेट्रोल मोटारींबाबत असे म्हटले आहे की २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांत ॲव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी पडते. आमच्याकडे उणे सोडाच, आठ-नऊ अंश झाले तरी शाळेची वेळ बदला म्हणून ओरड होते. मग आमच्या गाड्या वीस टक्के का पडाव्यात?

डिझेल गोठते, असेही काही जण सांगतात. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो आणि पुरेशा थंडीत तो साकळून फिल्टर तुंबतो, हे खरे. लडाखसाठी म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे खास डिझेल काढले. पण आपल्या पंपावर येणाऱ्या साध्या डिझेललाही भारतीय मानकाने नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी वेगळी मर्यादा घातलेली आहे; उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत वाहते राहिले तरी चालते, हिवाळ्यात मात्र ते ३ अंशांपर्यंत वाहिले पाहिजे. यवतमाळच्या थंडीत डिझेल गोठत नाही. तेव्हा 'थंडीचे औषध' म्हणून त्यात रॉकेल मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. रॉकेलला डिझेलइतका चिकटपणा नसल्याने पंप आणि नोझल झिजतात, आणि पंपाच्या दुरुस्तीला जे हजारो लागतात त्यात वर्षभराची बचत बुडते. शिवाय ती भेसळ कायद्याने गुन्हा आहे ते वेगळेच.

वॉल, हवा, ऑइल, फिल्टर आणि रांगेतली शिस्त, एवढे सारे करून जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा टाकी ते टाकी हिशेब केला. १२.२. म्हणजे २,६०० किलोमीटरला २१३ लिटर. पन्नास लिटरच्या तुटीतले ३७ लिटर परत आले होते. उरलेले १३ लिटर थंडीचे आणि कापसाच्या ढिगाचे. ते तिने न्यावेत. साऱ्या कामाला मिळून अडीच हजारही लागले नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारच्या हातून सुटले, २०१७ च्या जूनपासून ते रोजच्या रोज बदलू लागले. दर आपल्या हाती नाहीत, हे ३७ लिटर होते.

वणीला

पोरगा तोवर वणीला निघून गेला होता. कोळशाच्या कामावरच्या एका गाडीवर त्याला नोकरी लागली होती. आम्ही आणि काकाजी एका रविवारी तिथे गेलो. ज्या चौघांसमोर त्याला उभे केले त्या चौघांना आधी बोलावून आम्ही आमची चूक सांगितली होती. आता त्याला सांगायची होती. काकाजींनी वाटेत दहादा शब्द जुळवले आणि खोलीच्या दारात गेल्यावर त्यांना एकही आठवला नाही. वही पुढे केली फक्त.

पोराने चहा आणवला. आत्या कशी आहे ते विचारले. आम्ही आकडे सांगू लागलो, १०.४, १२.२, तर तो थांबवून म्हणाला, "माहीत हाय जी मले. मी वॉल बसवा म्हणून दोनदा सांगतलं होतं. काकाजी म्हणले, उन्हाळ्यात पाहू." काकाजी खाली मान घालून बसले. गाडीवर परत ये म्हटले तर पोराने नाही म्हटले नाही, हो म्हटले नाही. इथे पगार बारा हजार आहे, एवढे बोलला. तो परत आला नाही. वहीही त्याने घेतली नाही. "अर्धी कोरी हाय, आत्याले द्या. थे लिहिन."

काकू सातवी शिकलेल्या. त्या दिवसापासून वही त्यांच्याकडे आहे. जावई टाकी भरून आला की आधी पावती काकूंच्या हातात, मग जेवण.

एप्रिलात ऊन चढले तशी गाडी पुन्हा गरम होऊ लागली. मिस्त्रीने पाना उचलला आणि नेहमीसारखे विचारले, वॉल काढू का? काकूंनी गाडी रेडिएटरवाल्याकडे न्यायला लावली. बाहेरून जाळीत कापसाचे तूस गच्च बसलेले आणि आतल्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. टाक्या उघडून नळ्यांत सळई मारून सारे साफ केले, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरले. त्या पानावर काकूंच्या मोठ्या, वळणदार अक्षरात नोंद आहे: १२ एप्रिल २०२४. रेडिएटर साफ केला. वॉल तसाच ठेवला.